न दिलेला पास

नसरीन, तू गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, आणि ती मीटिंग मी पूर्ण केली. फोन टेबलावर पालथा होता. तो थरथरला, मी उचलून वाचला, परत पालथा ठेवला आणि समोरच्याला म्हणाले, "यस, नेक्स्ट स्लाइड." मग डेस्कवर आले, कुठल्याशा बंदरात अडकलेल्या कंटेनरबद्दल ईमेल लिहिला आणि डबा खाल्ला. डब्यात दुधी होता. हे मुद्दाम सांगतेय, कारण तू विचारलं असतंस. "मी मेले तेव्हा तू काय करत होतीस गो लिमये?" असं तू नक्की विचारलं असतंस, आणि दुधीचं ऐकून पोट धरून हसली असतीस.

अजून रडू आलेलं नाही. येईल म्हणतात. घरी संदीप न सांगता चहा करून देतो, ईरा खोलीतून बाहेर येते, माझ्याकडे बघते आणि परत आत जाते. दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गाल जसा होतो ना, तसं झालंय मला आतून. गाल आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी लागत नाही.

शीबाने मला तुझ्यावर लिहायला सांगितलं आहे. कॉलेजच्या टीमची ती कॅप्टन होती आणि आमच्या ग्रुपवर अजूनही आहे. इथे दुबईत, ऊद मेथाच्या ज्या शाळेत तू मुलींना बास्केटबॉल शिकवायचीस, तिथल्याच कोर्टवर तुझ्या नावाने एक मॅच ठेवायची, आधी कुणीतरी चार शब्द बोलायचे, तुझ्या अब्बांना मानाने पहिल्या रांगेत बसवायचं, असा तिचा बेत आहे. मी म्हटलं, मीच का? तर म्हणाली, "यू फॉट विथ हर द मोस्ट." बरोबर आहे. ते चार शब्द मी इंग्रजीत लिहीन, सभ्य लिहीन. हे मात्र मराठीत लिहितेय, कारण टीममधल्या कुणालाच मराठी वाचता येत नाही. अब्बा गावच्या उर्दू शाळेत शिकलेले, त्यांनाही येत नाही. पुढे जे आहे ते अब्बांनी कधीच वाचू नये अशी माझी इच्छा आहे. तुला हिंदीमुळे जमायचं, बोट फिरवत, कुरकुर करत. घे वेळ. आता घाई कसली आहे तुला.

तुझ्याबद्दल मधलं मत असलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. कॉलेजात तुझ्या मॅचला झाडून सगळ्या मुली यायच्या. अर्ध्या तू जिंकताना बघायला, अर्ध्या तू हरताना बघायला. बास्केट झाली की समोरच्या बेंचकडे बघून तू ओठांवर बोट ठेवायचीस. फाउल दिला की रेफरीला उभ्या उभ्या नियम शिकवायचीस. एखादी टीम घाणेरडं खेळली असं वाटलं तर शेवटी हात मिळवायला जायची नाहीस, बूट सोडत बसायचीस. लांब बाह्या, लेगिंग्ज आणि घट्ट बांधलेला स्कार्फ घालून तू खेळायचीस. तुमच्या बिल्डिंगमधल्या बायका अब्बांना सांगायच्या की लग्नाच्या वयाची मुलगी अशी उड्या मारते हे बरं दिसत नाही. कॉलेजवाल्यांना मात्र नेमका तोच स्कार्फ आवडला, त्यांना तुझा फोटो माहितीपुस्तकाच्या कव्हरवर हवा होता. तू दोघांनाही एकाच सुरात उडवून लावलंस. "मी बॉल टाकते. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." मग दोन्ही बाजू नाराज, आणि तू मजेत.

आणि खेळायचीस कसली. हे मी इंग्रजीतल्या चार शब्दांतही लिहिणार आहे. जोरात धावता धावता तू एकदम थांबायचीस आणि तुझ्या अंगावर असलेली मुलगी दोन पावलं पुढे निघून जायची. तिला कळेपर्यंत बॉल हवेत. आपल्या कॉलेजने तुझ्याआधी सेमीफायनलसुद्धा पाहिली नव्हती. पण पास देणं म्हणजे तुला घरचं सोनं गहाण टाकल्यासारखं वाटायचं. एकदा शीबाने वैतागून विचारलं, मग आम्ही बाकीच्या चौघी कशाला आहोत कोर्टवर? तू शांतपणे म्हणालीस, "रिबाउंडला." म्हणजे तुझा नेम चुकलाच तर बॉल गोळा करायला.

मला तुझा राग यायचा आणि तुझ्याशिवाय करमायचंही नाही. मी बुजरी होते. करामातल्या एका बेडरूमच्या घरात वाढलेली, हळू बोल, शेजारी ऐकतील, हे ऐकत मोठी झालेली. तू मला कोर्टच्या दुसऱ्या टोकावरून "लिमये, धाव!" म्हणून ओरडायचीस आणि मी धावायचे. इतक्या मोठ्याने माझं नाव घेणारी तू पहिलीच.

तुझ्या खेळाची एकही फिल्म नाही, हे आता ईराला सांगितलं तर तिला खरं वाटत नाही. "नॉट ईव्हन वन व्हिडिओ?" नाही. मुलींच्या लीगमध्ये इथल्या अरबी घरांतल्या मुली खेळायच्या, त्यामुळे जिममध्ये पुरुषांना प्रवेश नाही आणि कॅमेऱ्यालाही नाही. दारावर एक बाई बसायची, सगळ्यांचे फोन एका टोपलीत ठेवून घ्यायची. बाप, भाऊ, ड्रायव्हर सगळे बाहेर पार्किंगमध्ये. तेव्हा आम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं, तीच रीत होती. पण त्यामुळे तू काय होतीस हे फक्त तिथे बसलेल्या मुलींच्या तोंडी राहिलं. आणि आता त्या बायका झाल्या आहेत आणि प्रत्येकीची गोष्ट वेगळी आहे.

ती फायनल. आपण एका पॉइंटने मागे होतो, वेळ संपत आली होती. बॉल अर्थातच तुझ्याकडे. समोरच्या टीमने सरळ दोघींना तुझ्या अंगावर सोडलं, कारण तू पास देत नाहीस हे आख्ख्या लीगला पाठ होतं. दोघी तुझ्यावर म्हणजे आपल्यातली एक रिकामी. ती मी होते. डाव्या कोपऱ्यात, हात वर करून. माझ्या आसपास कुणी नव्हतं, मी तिथे चटई टाकून झोपले असते तरी कुणी उठवलं नसतं. मी ओरडले. तू मान वळवलीस असं मला वाटलं. मग तू त्या दोघींच्या डोक्यावरून स्वतःच बॉल मारलास. तो रिमवर बसला, एकदा फिरला आणि बाहेर आला. शिट्टी झाली आणि सगळी जिम ओरडली, त्यांची बाजू.

आपल्या मुली रडत होत्या. तू रडली नाहीस. बूट काढलेस, बॅग उचललीस आणि बाहेर गेलीस. आम्ही मागून आलो तेव्हा तू पार्किंगमध्ये अब्बांच्या पिकअपला टेकून उभी होतीस. अब्बांच्या हातात मिठाईचा बॉक्स होता, ते तुला पेढा भरवत होते आणि तू खात होतीस. हसत होतीस. एक संपला, तू दुसरा घेतलास. माझ्या शेजारून आपल्या टीममधली रेश्मा म्हणाली, "देख, हार के मिठाई खा रही है. शरम नाम की चीज़ नहीं." मग आम्ही बसमध्ये बसलो आणि बस निघाली.

रेश्माने ते कधी सोडलं नाही. टीममधल्या निम्म्या मुलींनी सोडलं नाही. पास न दिल्याचं एक वेळ त्या विसरल्या असत्या, पण तो पेढा विसरल्या नाहीत. तुझं नाव निघालं की पेढा यायचाच. मी तुला एकदा विचारलं होतं, का गं खाल्लास? तू म्हणालीस, "भूक लागलेली."

आणि माझा प्रश्न वेगळाच होता, तो मी तुला वीसेक वर्षं विचारत राहिले. नोकऱ्या लागल्या, माझं लग्न झालं, डिस्कव्हरी गार्डन्सला घर झालं, ईरा झाली. तू लग्न केलं नाहीस, शाळेत कोच झालीस, शारजात अब्बांबरोबर राहिलीस. आपण भेटायचो, खायचो, कुणाकुणाची निंदा करायचो, आणि कधी ना कधी मी म्हणायचेच, "मी मोकळी होते, नसरीन." तू कप खाली ठेवायचीस, डोळे बारीक करायचीस आणि म्हणायचीस, "होतीस का?"

बस, तेवढंच. होतीस का. मी चिडायचे. मला हरल्याचं काही नव्हतं गं. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की तू मला बघितलंस का. बघून दिला नसशील तर त्याचा अर्थ एक, आणि बघितलंच नसशील तर त्याचा अर्थ दुसरा. बघितलंच नसलंस तर चार वर्षं मी कुणाच्या मागे धावत होते? हे असं मी तुला कधी बोलले नाही. ईराच्या बारशालासुद्धा मी तो विषय काढला होता, पाळण्याशेजारी. तू तिला मांडीवर घेऊन म्हणालीस, "तुझी आई वेडी आहे. तू मोठी झालीस की माझ्याकडे ये, तुला पास कधी द्यायचा ते शिकवते." ही शिकवणार पास द्यायला, मी म्हटलं, आणि सगळे हसले.

पण शिकवलंस. तुझ्या हाताखाली ईरा तीन-चार वर्षं खेळली. शाळेतही तीच कथा, निम्मे पालक तुझ्या नावाने मुलींना दुसऱ्या शाळेतून इकडे आणायचे आणि निम्मे तक्रारी करायचे. तू ओरडतेस, तू मोठ्या लोकांच्या मुलींना बेंचवर बसवतेस. एकदा ईरा घरी आली ती फणफणत. "नसरीन मॅम मेड मी सिट आउट द होल गेम. बिकॉझ आय डिडन्ट पास. सनाच्या भोवती कुणी नव्हतं अँड आय डिडन्ट सी." मी तुला फोन केला, म्हटलं, कोण कुणाला शिक्षा करतंय बघा.  तू म्हणालीस, "तिला दिसली होती, लिमये. दिसलं नाही म्हणते, पण दिसतं." आणि विषय बदललास. तेव्हाच मी धरायला हवं होतं तुला, पण दारात डिलिव्हरीवाला उभा होता.

तुला नेलं त्या दिवशी दुपारी आम्ही गाडीतच बसलो. कब्रस्तानात बायका जात नाहीत. शीबा मागच्या सीटवर, मी स्टिअरिंगवर, एसी चालू. अब्बा दोघांच्या आधाराने आत गेले, मागून पुरुषांची रांग गेली. आतून काही आवाज येत नव्हता. समोरच्या काचेवर धूळ होती, मी वायपर चालवला, पाणी उडालं, धुळीचे ओघळ झाले. शीबा म्हणाली, "ऑल दोज मॅचेस, अंकल सॅट लाइक धिस." मी हो म्हटलं. एवढंच आम्ही बोललो.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर सुरू झालं. आधी हात जोडलेले, हार्ट, लेजंड, क्वीन. मग तुझा जर्सीचा नऊ नंबर परत कुणाला देऊ नये असं कुणीतरी सुचवलं. त्यावर रेश्माने लिहिलं, "ग्रेट प्लेअर. बट लेट्स बी ऑनेस्ट, शी कॉस्ट अस द फायनल. अँड देन शी लाफ्ड." झालं. एकीने तिला सुनावलं, दुसरीने तिची बाजू घेतली, एक रागाने ग्रुपमधून बाहेर पडली. तू असतीस तर तुला काय आनंद झाला असता. शेवटी शीबाने निकाल दिला की मॅचच्या दिवशी त्या फायनलबद्दल एकदाचं मोकळेपणाने बोलू या, चांगलं-वाईट सगळं, म्हणजे सगळ्यांच्या मनातलं निघून जाईल. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मीही दाखवला. मला वाटलं, निदान त्या कोपऱ्यात मी होते एवढं तरी कुणीतरी माइकवर म्हणेल.

तिसऱ्या दिवशी तुझ्यासाठी कुराण वाचून झालं, जियारत झाली, मग आम्ही अब्बांना भेटायला आलो. शीबा, मी, आणि रेश्मासुद्धा. ती अबुधाबीहून गाडी चालवत आली. तुमच्या त्या शारजाच्या घरात माणसं मावत नव्हती. रत्नागिरीकडची मंडळी, औद्योगिक वसाहतीतल्या अब्बांच्या गॅरेजमधले लोक, शाळेतले पालक, तक्रार करणारेसुद्धा. तुझे बूट दाराशी तसेच होते. मी माझ्या चपला त्यांच्या शेजारी काढल्या, मग उचलून जरा लांब ठेवल्या.

अब्बा सोफ्यावर होते. खूप लहान दिसत होते. मला बघितल्यावर त्यांनी शेजारी जागा केली आणि म्हणाले, "ये, चॅम्पियन आली." ते मला नेहमी चॅम्पियनच म्हणायचे, तुला माहीतच आहे. मी घरी आले की पहिलं ताट मला, माझी गाडी गॅरेजला आली की स्वतः बॉनेट उघडणार. हरलेल्या टीममधल्या पोरीला चॅम्पियन म्हणतात, थट्टा करतात, असं मी इतकी वर्षं समजत होते.

समोर गावाकडचे एक वयस्कर पाहुणे बसले होते. अब्बा त्यांना म्हणाले, "ह्या सगळ्या पोरी नसरीनच्या टीममधल्या. माझी पोर फायनल जिंकलेली ना, ती ह्यांच्यासोबत."

मी शीबाकडे बघितलं. तिला मराठी बोलता येत नाही, पण 'फायनल' आणि 'जिंकलेली' कळायला हिंदी पुरते. ती गालिच्याकडे बघायला लागली.

"पुरुषांना आत सोडत नव्हते," अब्बा सांगत होते. "मी गाडीत, काच खाली करून. नुसता आवाज ऐकायचा. तिची अम्मी असती तर आत जाऊन बसली असती, ती तर आधीच गेलेली. तर काय झालं, एकदम आतून असा आवाज आला, असा आवाज, की मी म्हटलं खलास, जिंकल्या पोरी. मिठाईचा बॉक्स सीटवर तयार होता. आजूबाजूला दुसऱ्या टीमचे बाप उभे, अरब लोक, पांढरे कंदुरे, ते पायघोळ झगे घालून. मी सगळ्यांना वाटली. एकाने पेढा तोंडात घातलान आणि म्हणाला, मबरूक, म्हणजे अभिनंदन. मग त्यांच्या पोरी बाहेर आल्या, बापांशी काय काय बोलल्या. आणि तो माणूस, ऐका हां, तो परत माझ्याकडे आला. माझा हात असा दोन्ही हातांत घेतलान आणि परत म्हणाला, मबरूक, या अखी, भाऊ म्हणाला मला, मबरूक. पोरगी हरल्यावर दुसऱ्याला असं कोण म्हणतं? दिलदार लोक."

पाहुण्यांनी मान डोलावली. रेश्माच्या हातात चहाचा कप होता, तो ओठांपाशी तसाच राहिला. अब्बा आता तिच्याकडे बघून हिंदीत सांगायला लागले, तिलाही कळावं म्हणून.

"फिर मेरी बच्ची आई. मैंने पेढा खिलाया. एक खाया, दूसरा भी खाया. मैंने पूछा, आखरी वाला तूने मारा ना? बोली, नहीं अब्बा. दो लड़कियाँ मेरे ऊपर थीं. लिमये खाली थी. बिल्कुल खाली, लेफ्ट कॉर्नर में, हाथ ऊपर करके खड़ी थी. मैंने उसको दिया, उसने मारा."

खोलीत पंखा फिरत होता. मला तो दिसत होता, ऐकू येत नव्हता.

"ट्रॉफी कॉलेजात ठेवली म्हणाली," अब्बा परत मराठीत आले. "फोटो तर नव्हताच काढायचा. मी कितीदा विचारायचो, सांग ना, शेवटचा कसा पडला. तर म्हणायची, मला काय विचारता, लिमयेला विचारा, बास्केट तिची आहे. आणि तू आलीस की मी विसरून जायचो." त्यांनी माझा हात धरला. गॅरेजमधल्या कामाने खरखरीत झालेला हात, पण आता त्यात जोर नव्हता. "आज सांग गो पोरी. तू आत होतीस. कसा मारलास?"

नसरीन, मला तुझा इतका राग आला त्या क्षणी. तू मला कुठे आणून ठेवलंस ते बघ. मी शीबाकडे बघितलं, रेश्माकडे बघितलं. रेश्माला सगळं कळलं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते सगळं एकामागून एक उमटत होतं, दारातून बाहेर आलेली तू, बॉक्स घेऊन उभे अब्बा, पहिला पेढा, दुसरा पेढा. तिने फक्त तोंड उघडायचा अवकाश होता. खोट्याचा तिला मनस्वी राग आहे, आणि तू तिला कधीच आवडली नाहीस.

मी म्हणाले, "हो अब्बा. मी मोकळी होते."

 जी बास्केट झालीच नाही ती कशी वर्णन करतात? मी म्हणाले, "नसरीनने त्या दोघींच्या मधून पास दिला. बरोबर माझ्या हातात. मी मारला. बोर्डला लागला आणि आत गेला."

"बोर्डला लागून," अब्बा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते.

"नहीं अंकल," रेश्मा म्हणाली. कप खाली ठेवून. "कॉर्नर से बोर्ड नहीं लगता. इसको याद नहीं है. सीधा गया था, रिंग को छुआ भी नहीं. मैं नीचे ही खड़ी थी, मैंने देखा."

अब्बा तिच्याकडे बघत राहिले. मग हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदाच हसले असं नंतर शेजारच्या बाई म्हणाल्या. "सीधा," ते पाहुण्यांना म्हणाले. "रिंगला लागलासुद्धा नाही."

आम्ही तिघी लिफ्टने खाली आलो. तळमजला आल्यावर शीबा म्हणाली, "सो वी वन." कुणी हसलं नाही. गाडीपाशी रेश्मा थांबली, किल्ली शोधत होती, हातातच होती. म्हणाली, "इतने साल. एक बार बोल देती. किसी को तो बोल देती." मग गाडीत बसली आणि अबुधाबीला गेली. घरी पोचून मी बघितलं तर ग्रुपवरचा तिचा तो मेसेज तिने काढून टाकला होता. मॅचच्या कार्यक्रमातून शीबाने फायनलची चर्चा काढली. आता कुणी विचारलं तर आपण जिंकलो होतो. अब्बा आहेत तोवर जिंकलेल्याच आहोत.

कुणालाच का नाही सांगितलंस? मला तरी. लोक तुला निर्लज्ज म्हणत होते आणि तू तोंडातला पेढा गिळून म्हणालीस भूक लागलेली. अब्बांना खरं सांगता आलं असतं, दुसऱ्या दिवशी, पुढच्या महिन्यात. नंतर खूप उशीर झाला असेल. खोटं सांगितल्याचा मला राग नाही. ती गोष्ट सांगताना तुला बास्केट स्वतःच्या नावावर घेता आली असती, लोक म्हणायचे तशी तू असतीस तर घेतलीच असतीस, अब्बांना तर तेच हवं होतं. तू मला दिलीस. वीसेक वर्षं त्या घरात पहिलं ताट मला मिळालं ते तू दिलेल्या पासवर. मी जेवत राहिले, वर तुझ्याशी भांडत राहिले.

काल ईराने विचारलं, "वॉज शी अ बॉल हॉग, आई? एव्हरीवन सेज." मी म्हटलं, हो, होती, बॉल सोडायचीच नाही. ती थोडा वेळ थांबली, अजून काही सांगेन म्हणून. मला सांगायचंही होतं, पण गाल अजून तसाच आहे, बधिर. मी म्हटलं, तुझे बूट घे, मॅचसाठी पुसून ठेवू. ती गेली. मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि एकदा, कोणी बघत नव्हतं, दोन्ही हात वर केले.

डावा कोपरा, हात वर. हे मी अब्बांना कधी सांगितलेलं नव्हतं. टीममध्येही असं कुणी सांगितलेलं नव्हतं, सगळ्यांचे डोळे तुझ्यावर होते. दोघी अंगावर असताना, शिट्टी व्हायच्या आत, तू मला नीट बघितलंस, हात कुठे आहेत तेसुद्धा.

एवढंच तर विचारत होते मी.